आक्काची होडी आणि तिची गाडी

हुबळीत होडी कशाला लागते, हा प्रश्न मला आतापर्यंत निदान पन्नास जणांनी विचारला असेल. बरोबरच आहे त्यांचं. ज्या गावात नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं, पाणी आलं की रात्री बारा वाजता उठून बादल्या भरायच्या, त्या गावातल्या एका घराच्या जिन्याखाली दहा फुटांची केशरी होडी ठेवलेली दिसली तर लोक विचारणारच. उणकलच्या केरेत बोटी असतात, त्या पोराबाळांना घेऊन फिरायच्या. ही तशी नाही. ही कयाक. एका माणसाची, दोन पात्यांच्या एकाच वल्ह्यानं मारायची. आणि ती माझी नाही, माझ्या थोरल्या बहिणीची आहे.

आक्काचा जन्म १९५८ चा. दोन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. तेव्हा पोलिओचे थेंब आपल्याकडं घरोघरी पोचलेले नव्हते. पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली १९९५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण सापडला २०११ च्या जानेवारीत, आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी टीव्हीवर बातमी लागली तेव्हा आक्का भाजी निवडत होती. "बरं झालं," एवढंच म्हणाली आणि शेपूची जुडी पुढं ओढली.

कंबरेपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, उजव्या हातात कुबडी. एवढ्यावर ती शिकली, बँकेत लागली, साठ वर्षं पुरी करून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. "झालं नाही असं म्हणू नका, केलं नाही म्हणा," हे तिनं आमच्या मावश्यांना इतक्या वेळा सुनावलंय की मावश्यांनी विषय सोडून दिला. तिला एकाच गोष्टीची चीड होती, उचलून नेण्याची. शाळेत तिचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. शिपाईमामा तिला रोज कडेवर घेऊन जिना चढायचे. माणूस भला होता. पण आठवीत गेलेली मुलगी कडेवरून वर्गात शिरते तेव्हा वर्ग तिच्याकडं कसा बघतो, हे तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, आणि तेही एकदाच.

२०२१ च्या डिसेंबरात आम्ही सगळे दांडेलीला गेलो होतो. तिकडं जाणं आम्हा हुबळी-धारवाडच्या लोकांना नवं नाही. धारवाडहून हळियाळ, हळियाळहून दांडेली, गाडीनं दीड तासाच्या आत पोचतो. हळियाळात उतरून चहा प्यायला थांबलात तर हॉटेलवाला तुमच्याशी मराठीतच बोलेल. पुढं काळी नदी. सगळी १८४ किलोमीटरची नदी, उत्तर कन्नड जिल्ह्यातच उगवते आणि कारवारला समुद्राला मिळते. तिच्यावर गणेशगुडीला सुपा धरण, १०१ मीटर उंच. त्याच्या खाली दांडेलीजवळ बोम्मनहळ्ळीचं धरण, तिथून नागझरीच्या वीजघराला पाणी जातं. या बोम्मनहळ्ळीच्या फुगवट्यावर पाणी संथ असतं. आम्ही उतरलो होतो त्या होमस्टेवाल्यांकडं कयाक होत्या. माझा मुलगा आणि सून खेळत होते. आक्का खुर्चीवर बसून बघत होती. अर्ध्या तासानं ती होमस्टेच्या मालकिणीला म्हणाली, "यात पायाचं काय काम असतं हो?"

मालकीण म्हणाली, "काही नाही. बसायचं आन हात चालवायचे."

"मग मला बसवा."

साठ वर्षं कुबडीवर अंग तोलून आक्काचे खांदे आणि दंड पैलवानासारखे झालेत. ती बसली, वल्हं हातात घेतलं, दहा मिनिटं इकडंतिकडं गोल फिरली आणि मग सरळ निघाली. माझा मुलगा मागं राहिला. जमिनीवर आम्ही सगळे तिच्यासाठी चाल हळू करतो, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. पाण्यावर ती आमच्यासाठी थांबली. मी तो चेहरा पाहिला आणि दुसरीकडं बघितलं.

दोन महिन्यांनी तिनं गोव्यातल्या एका माणसाकडून जुनी कयाक विकत घेतली. मला सांगितलं ते टेम्पो दारात आल्यावर.

आता अडचण इथून पुढं सुरू होते. कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. त्यांची होडी लाकडाच्या सांगाड्यावर सीलची कातडी शिवून केलेली, शिकारी एकटा उचलून नेईल इतकी हलकी. आपल्याकडं हंपीला तुंगभद्रेवर वेताचे हरगोल असतात, तिथला नावाडी ते डोक्यावर पालथं घालून छत्रीसारखं घेऊन चालतो. आक्काची होडी मात्र जाड प्लास्टिकची. लांबी १० फूट, रुंदी ३० इंच, वजन २२ किलो. होमस्टेच्या शेडपासून पाण्यापर्यंत साठेक मीटरचा उतार, लाल मुरमाचा, मधे फणसाची मुळं. त्यात वीजघरासाठी पाणी आत येतं, बाहेर जातं, पातळी वर-खाली होते. म्हणून काठचा चिखल कधी चार पावलं तर कधी चाळीस.

होडी न्यायला दोन माणसं लागायची. पहिल्या दोन-तीन खेपांना मी आणि मुलगा होतो. मग मुलाची सुट्टी संपली. मग तिथली पोरं नेऊन द्यायची. आणि मग आक्का जाईनाशी झाली. पाणी कमी आहे, ऊन फार आहे, पुढच्या महिन्यात बघू. मी ओळखलं. होडी उचलून न्यायला माणसं आली की आक्काला बघून, "आजी, तुम्हालापण नेऊ का खाली?" असं ती पोरं प्रेमानं विचारायची.

दुसरं कारण डॉक्टरचं. पोलिओ होऊन गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी काही जणांना पुन्हा नव्यानं अशक्तपणा येतो, चांगले राहिलेले स्नायूही थकतात. आक्काच्या उजव्या खांद्यात कळा सुरू झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "खांदे जपा. तेच तुमचे पाय आहेत. वजन उचलणं, झटके देणं बंद." वल्हं मारू का, विचारल्यावर म्हणाले, दमेपर्यंत नको, पण मारा. म्हणजे पाण्यात चालेल, जमिनीवर नाही. घरात बाकीच्यांनी याचा अर्थ सोयीचा लावला. आमच्या सौ.चं म्हणणं, पासष्टीला आलेल्या बाईनं हे सोडावं. मुलगा म्हणाला, विकून टाकू. आक्का काहीच बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला जास्त काळजी वाटते.

मी रेल्वेचा माणूस. हुबळीच्या वर्कशॉपात ३७ वर्षं काढली, त्यातली बरीचशी ब्रेकच्या कामात. आमचे अण्णाही तिथंच होते. सदर्न मराठा रेल्वेच्या जमान्यापासूनचं ते वर्कशॉप, आमच्यासारख्या कित्येक मराठी घरांची त्यावर पोटं भरली. आज लोकांना हुबळी स्टेशन म्हटलं की १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म आठवतो, पण आम्हाला आठवतो तो सकाळचा भोंगा. तर निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतंच. मी आक्काला म्हटलं, "तुला एकटीला नेता येईल अशी गाडी करू."

ती म्हणाली, "एकटीला म्हणजे एकटीलाच. तू मागून हळूच हात लावणार असशील तर करू नको."

गाड्या करणं आम्हाला नवं नव्हतं. सत्तरच्या सुमारास केशवापुरात प्रत्येक गल्लीत बेअरिंगच्या गाड्या होत्या. आठवतात का? फळकुट, खाली गॅरेजातून मागून आणलेली तीन जुनी बेअरिंगं, पुढच्याला दोरी. अण्णांची ताकीद होती की वर्कशॉपातलं एक वॉशरसुद्धा घरी येणार नाही, म्हणून आम्ही ट्रकवाल्यांच्या मागं लागून बेअरिंगं मिळवायचो. आक्का बसायची, मी ओढायचो. सिमेंटच्या रस्त्यावर त्या बेअरिंगांचा आवाज असा यायचा की दुपारी झोपलेले सगळे आजोबा बाहेर यायचे. उतारावर आक्का मला दोरी सोडायला लावायची. खाली गटाराच्या अलीकडं तीच काठी टेकवून थांबायची. आईला हे कधी कळलं नाही. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं आणि त्यातून पुढं एवढा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट अण्णा आम्हाला सांगायचे. आमच्या गाडीतून काही उभं राहिलं नाही, पण चाक म्हणजे काय ते कळलं.

तर चाकं. माळ्यावर आईची व्हीलचेअर होती, शेवटच्या दोन वर्षांतली. चांगली चाकं, जाड आस, एका बाजूनं धरलेली. मी ती खाली काढली, पुसली आणि आक्काला दाखवली.

"नको."

"अगं, तयार चाकं आहेत. बाजारात अशी मिळणार नाहीत."

"बाळ्या, खुर्चीची चाकं माझ्या होडीला लागणार नाहीत." ती कुबडी टेकत आत निघून गेली. मी खुर्ची परत माळ्यावर ठेवली. तिनं सगळा जन्म त्या खुर्चीत न बसण्यासाठी घालवलाय, आणि पुढं कधीतरी बसावं लागेल हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मग दुर्गद बैलच्या मागं जुन्या सामानाच्या दुकानांत दोन दिवस फिरलो. लहान मुलांच्या दोन मोडक्या सायकली मिळाल्या, १२ इंची चाकांच्या, हवेचे टायर, अडीच बोटं रुंद. ट्रॉलीची कडक प्लास्टिकची छोटी चाकं स्वस्त पडली असती, पण ती चिखलात सुरीसारखी घुसतात. हवेच्या टायरात हवा थोडी कमी ठेवली की तो पसरतो आणि वर राहतो. ट्रॅक्टरवाल्यांना विचारा.

वेल्डिंगला गोकुळ रोडवरच्या एका मेस्त्रीकडं गेलो. त्याचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि दोन पोरं. तो अर्धं कन्नड, पाव मराठी आणि पाव दख्खनी बोलतो. मी कागदावर काढलेलं चित्र त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं.

"येन्री इदु? डोली का?"

होडीची गाडी म्हटल्यावर तो पाच मिनिटं हसला. मग गंभीर झाला आणि पहिलाच मुद्दा त्यानं काढला तो बरोबर. सायकलचं चाक दोन्हीकडून काट्यात धरलेलं असतं. त्याची आस करंगळीएवढी. एका बाजूनं धरली की वाकणार. म्हणून त्यानं प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी पट्टी दिली, म्हणजे चार पट्ट्या, मधे एक इंची चौकोनी पाइपची चौकट, दोन चाकांत दोन फूट अंतर. चौकटीवर होडीच्या पोटाला बसतील असे दोन आडवे पाळणे, चाकांच्या थोडे वर, म्हणजे होडी टायरला घासणार नाही. पाळण्यांवर एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. बाजारात रंगीत पट्टे मिळतात, पण ट्यूब ओली झाली तरी धरते आणि गाठ सोडायला वाकावं लागत नाही, आकडा लावला की झालं.

चाकं होडीच्या कुठं यावीत, यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. होडीच्या शेपटाला चाकं लावली तर अर्धं वजन, म्हणजे ११ किलो, ओढणाऱ्याच्या हातात येतं. बरोबर मध्यावर लावली तर हातात काहीच येत नाही, पण मग होडी तराजूसारखी डोलते. मी मध्यापासून अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटीमीटर मागं घेतली. नाकाशी धरलेल्या हातात दोन किलो येतात. दोन किलो म्हणजे दोन दुधाच्या पिशव्या. आक्कानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर होडीचं नाक टेकवून खात्री करून घेतली. बँकेतली सवय.

तरी पुढचा प्रश्न होता. गाडीवर होडी चढवायची कशी? ती उचलायची तर पुन्हा खांदे आले. मी कप्पी लावू का, फळी लावू का असं काय काय मनात मांडत होतो. आक्का अंगणात येऊन जमिनीवर बसली. तिला जमिनीवरून उठताना तुम्ही पाहिलेलं नाही. ती आधी कुशीवर होते, कॅलिपरचा गुडघा सरळ करून खिटी लावते, मग हातांवर जोर देऊन एका अंगानं उठते. तिनं होडी तशीच कुशीवर केली. पोटाची बाजू तिच्याकडं. मग गाडी आडवी करून होडीच्या पोटाला चिकटवली, ट्यूबच्या पट्ट्या ओढून आकडे लावले, आणि होडीची वरची कड धरून स्वतःकडं ओढली. होडी फिरली आणि चाकांवर उभी राहिली. काहीच उचललं नाही.

"झालं," ती म्हणाली. "तू कप्पी कुठं लावणार होतास?"

मी विषय बदलला.

खरं काम ब्रेकचं होतं. सपाटीवर काही अडचण नाही. कंबरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोरी, दोरी होडीच्या नाकाला, उजव्या हातात कुबडी, डावा हात मोकळा. पण उतारावर गाडी मागून ढोपरावर येणार. आणि आक्काचं ढोपर म्हणजे एक खिटी आहे. म्हणून उतारावर होडी पुढं सोडायची, आक्कानं मागून शेपूट धरायचं. तेव्हा तोल उलटा हवा, नाहीतर नाक जमिनीला लागतं. त्यावर उपाय सोपा निघाला. पाण्याचा पाच लिटरचा कॅन मागच्या कप्प्यात ठेवायचा. तो चाकांपासून लांब असल्यामुळं पाच किलोतच पारडं फिरतं आणि शेपूट हातात दोन किलोनं खाली राहतं. येताना पाणी ओतून टाकायचं.

पण हात सुटला तर? मेस्त्री म्हणाला, "ब्रेक हाकूना री. कॅलिपर ब्रेक, सायकलका."

आक्का सोबत होती. ती म्हणाली, "माझ्याकडं एक आहे आधीच."

मेस्त्रीला क्षणभर कळलं नाही. मग त्याची नजर तिच्या बुटाकडं गेली, आणि तो इतका शरमला की आक्कालाच त्याची समजूत घालावी लागली. त्यानंतर त्यानं तिच्याकडून मजुरी घेतली नाही, आणि आक्कानं ती त्याच्या पोराच्या हातात कोंबली, हे ओघानं आलंच.

सायकलचा ब्रेक मला नको होता. तो दाबला तर लागतो. मला दाबला तर सुटणारा हवा होता. आमच्या रेल्वेत व्हॅक्यूम ब्रेक होता तेव्हाची गोष्ट नव्या लोकांना माहीत नसते. गाडीभर पाइपातून निर्वात ठेवायचा आणि त्याच्या जोरावर ब्रेक मोकळे धरायचे. डबे तुटले, पाइप फुटला, कुणी साखळी ओढली, की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे गाडी चालण्यासाठी कष्ट करायचे, थांबण्यासाठी नाही. ज्यानं हे शोधलं त्याला मी मनातल्या मनात कितीदा हात जोडलेत. आक्काची गाडी तशीच पाहिजे होती. तिला तोल सांभाळायला हात सोडावा लागला, तर त्याच क्षणी गाडी थांबली पाहिजे.

दोन्ही चाकांच्या मागून एक आडवी दांडी, बिजागरीवर हलणारी. दांडीच्या दोन टोकांना लाकडाचे ठोकळे, त्यांवर जुन्या टायरचा तुकडा खिळ्यांनी मारलेला. स्कूटरच्या स्टँडच्या दोन स्प्रिंगा त्या दांडीला टायरवर दाबून धरतात. ही झाली थांबलेली गाडी. आता दांडी मागं ओढायला केबल. सायकलची केबल पुरेना, कारण होडीच्या नाकापर्यंत आणि शेपटापर्यंत, दोन्हीकडं पोचायला हवी होती. मेस्त्रीच्या पोरानं डोकं चालवलं. ऑटोची क्लचची केबल आणली. ऑटोचं इंजिन मागं आणि हँडल पुढं, म्हणून ती केबल लांब असते. तिच्या टोकाला लाकडी मूठ, मुठीवर सायकलचा ब्रेकचा खटका. मूठ दाबली की ठोकळे उठतात, गाडी चालते. सोडली की ठक्कन बसतात. सपाटीवर हात दुखू नये म्हणून मुठीवर सरकवायला ट्यूबचं एक कडं केलं. उतार आला की कडं काढायचं, ही आक्कासाठीची एकच सूचना.

पहिली चाचणी आमच्याच गल्लीत झाली. रविवारी सकाळी पासष्ट वर्षांची बाई कुबडी टेकत कंबरेला बांधलेली केशरी होडी ओढत चालली आहे, हे दृश्य केशवापुरानं कधी बघितलं नसेल. समोरच्या पाटलांच्या गॅलरीत सगळं कुटुंब उभं. इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री हातात तशीच धरून बाहेर आला. पोरं मागं. कुणीतरी विचारलं, "अज्जी, केरे एल्लिद री?" आक्का म्हणाली, "दांडेलीत. येतोस?" चौकापर्यंत जाऊन वळली आणि परत आली. सौ. दारात उभी होती. काही बोलली नाही, पण ताक घेऊन आली. दोघींना.

रेड ऑक्साइडचा हात आणि वर हिरवा रंग, एवढं झाल्यावर गाडीचं वजन साडेसात किलो भरलं. सगळा खर्च, आक्काच्या वहीप्रमाणे, २,७४० रुपये. त्यात ताकाचा हिशेब नाही.

मार्चच्या शेवटी दांडेलीला गेलो. काळीत मगरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दांडेली गावाजवळ तर उन्हाला पहुडलेल्या दिसतात. म्हणून स्थानिक लोक सांगतील त्या भागात आणि त्यांची एक होडी सोबत घेऊनच जायचं, लाइफ जॅकेट घालूनच जायचं, यात आक्काही वाद घालत नाही. वाद फक्त जमिनीवरचा. तिनं आम्हा सगळ्यांना, म्हणजे मी, मुलगा, सून आणि होमस्टेची दोन पोरं, फणसाखाली उभं केलं. "इथून कुणी हलायचं नाही."

कुशीवर केली, गाडी बांधली, उठवली. पाण्याचा कॅन मागं ठेवला. मुठीवरचं कडं काढलं. आणि निघाली. होडी पुढं, ती मागं, मूठ डाव्या हातात. दहा पावलं, मूठ सोडायची, श्वास घ्यायचा. पुन्हा दहा. आदल्या रात्री अवकाळी पाऊस शिंपडून गेला होता, मुरूम वरून ओला होता. निम्म्याच्या थोडं पुढं गेली असेल, फणसाच्या मुळावर कुबडीचं रबर सरकलं. मी पाहिलं. तिचा उजवा खांदा एकदम खाली गेला, डावा हात वर गेला, मूठ सुटून केबलला लोंबू लागली. माझ्या मुलानं पाऊल टाकलं, मी त्याचा दंड धरला. का धरला ते मला अजून सांगता येत नाही.

होडी जागच्या जागी उभी होती. चाकं मुरमात दोन बोटं घसरली असतील, एवढंच. आक्कानं मोकळ्या हातानं होडीचीच शेपटी धरली, तोल सावरला, कुबडी पुन्हा रोवली. होडीचा कठड्यासारखा उपयोग होईल हे मी धरलेलं नव्हतं. मग वळून न बघता ती मोठ्यानं म्हणाली, "सुटली नाही रे!"

काठाला ती जमिनीवर बसली, कॅलिपरचे पट्टे सोडले आणि मला हाक मारली. एवढ्यासाठी मला परवानगी होती. बुटासकट कॅलिपर माझ्या हातात दिला, सरकत होडीत बसली, वल्ह्यानं काठ ढकलला आणि गेली. सोबतची होडी तिच्या मागं. मी पाऊण तास तिथं दगडावर बसलो, मांडीवर ते लोखंड घेऊन. इतकी वर्षं घरात आहे, पण इतका वेळ हातात कधी धरला नव्हता. कातडी पट्टा तिच्या मांडीच्या घामानं काळा पडलाय. गुडघ्याच्या खिटीला मी घरून आणलेल्या तेलाचे दोन थेंब सोडले.

परत येताना चढ होता. चढाला ती पुढं, पट्टा कंबरेला, पाणी ओतून टाकलेलं. अठरा वेळा थांबली, मी मोजलं. प्रत्येक वेळी मूठ सोडली की होडी तिथंच राहायची, मागं ओढायची नाही, म्हणून तिला निवांत उभं राहता आलं. एकदा तर तिनं मधेच उभ्या उभ्या खिशातला पेढा काढून खाल्ला. साठ मीटरला बावीस मिनिटं लागली. खांदा दुखला का, विचारल्यावर म्हणाली, "दुखायचा तेवढाच." आता महिन्यातून एकदा जाते, कधी दोनदा. डॉक्टरांनाही सांगितलंय, त्यांनी गाडीचा फोटो मागून घेतला.

होमस्टेची मालकीण त्या दिवशी गाडीभोवती दोनदा फिरली. खाली वाकून ब्रेक दाबून पाहिला, सोडून पाहिला. तिच्या स्वयंपाकघराला विहिरीवरून पाणी येतं, तेही चढावरून, दिवसाला दहा-बारा घागरी. म्हणाली, "होडीच्या जागी घागरी बसतील का हो?" सध्या मेस्त्रीकडं दुसरी गाडी चालू आहे. चार घागरींची, पाळण्यांऐवजी चार गोल कड्या. घागरी भरल्या की होडीपेक्षा दुप्पट-तिप्पट वजन होणार, म्हणून स्प्रिंगा जाड घ्याव्या लागतील आणि मूठ बाईच्या हाताला दाबता आली पाहिजे, यावर अडलोय. मेस्त्री म्हणतो लिव्हर लांब करू. आक्का म्हणते दोन्ही हातांनी दाबायची मूठ करा, तिला काय कुबडी धरायची आहे? शनिवारी गोकुळ रोडला जाऊन बघायचं ठरलंय. कुणाकडं मोपेडच्या स्टँडची जुनी स्प्रिंग पडून असेल तर सांगा.